पिवळ्या फितीचं कार्ड

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी प्रेमलाने हिरवी इरकल नेसली, नथ घातली आणि सगळ्यात शेवटी गळ्यात ते कार्ड अडकवलं. पिवळ्या फितीचं, तिचा फोटो असलेलं. आरशात बघून फोटोची बाजू तेवढी पुढे करून घेतली. हौसेराव उंबऱ्यापाशी बसून चपला पुसत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बिल्ला लावलास व्हय? मग आता कुणाची टाप हाय तुला अडवायची."

थट्टाच होती, पण तिच्यात कौतुक होतं. बिल्ल्याची किंमत ह्या घराला कुणी सांगायला नको. हौसेरावांनी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात उभा जन्म पोती वाहिली. साताऱ्याकडून आले तेव्हा पाठ सोडली तर जवळ काही नव्हतं. मग टोळीत नाव लागलं, नंबर पडला आणि माथाडीचा बिल्ला हातात आला. तो येईपर्यंत कुणीही 'ए' म्हणून हाक मारत होतं. बिल्ला आल्यावर हक्काची मजुरी आली, दवाखाना आला, कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत डोक्यावर छप्पर आलं. दसऱ्याला ह्या घरात पोत्याचा हूक पुजतात आणि हुकाशेजारी तो बिल्ला ठेवून त्यालाही हळदकुंकू लावतात. तेव्हा ऐरोलीच्या नव्या टॉवरमध्ये पहिल्याच फेरीला गेटवरच्या माणसाने आपण होऊन फोटोचं कार्ड काढून दिलं, याचा प्रेमलाला केवढा आनंद झाला असेल बघा. बाईचं ते अख्ख्या आळीला दाखवून झालं होतं.

आता ते कार्ड तिला मिळालं कसं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

गेल्या आठवड्यात ती एकटीच नव्या घरी गेली होती. लेकाने, यशराजने, किल्ली दिली होती, गॅस जोडून झाला होता, आणि ओट्यावर पहिली भाकरी सासूच्याच हातची पडावी असं सून ईश्वरी म्हणाली होती. प्रेमला रिक्षातून उतरली. समोर मोठं काचेचं दार होतं. बाजूने एक बोळ मागच्या गेटकडे जात होता आणि त्या बोळातून डबे-पिशव्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या. प्रेमलाचे पाय त्यांच्या मागून गेले. पायांनी तिला विचारलंही नाही. वाशीच्या बिल्डिंगांमध्ये पोळ्या लाटत ह्या बाईची अर्धी उमर गेली होती, आणि असल्या बिल्डिंगला आपलं दार मागच्या अंगाला असतं, हे तिच्या पायांना पाठ होतं.

मागच्या गेटवर मारोती नावाचा वॉचमन होता. त्याने विचारलं, कुणाकडं? ती म्हणाली, एकोणीसशे चारला. काय काम? हा प्रश्न तिला आयुष्यात इतक्या गेटांवर विचारला गेला होता की उत्तर आपसूक तोंडातून आलं, "सैपाकाचं." आणि त्यात खोटं तरी काय होतं? पिशवीत बाजरीचं पीठ होतं. मारोतीने फोटो काढला, तिचा अंगठा मशीनवर टेकवून घेतला, फोनवर काहीतरी पाठवलं आणि थोडा वेळ थांबायला सांगितलं. मग टुण्ण वाजलं. मारोती म्हणाला, झालं मावशी, आणि पिवळ्या फितीचं कार्ड तिच्या हातात ठेवलं. शेजारच्या सगळ्या बायकांच्या गळ्यात तसलंच होतं. तिला वाटलं, मोठ्या बिल्डिंगची ही रीतच असणार. तिने ते गळ्यात घातलं आणि त्या बायकांबरोबर मागच्या लिफ्टने वर जाऊन आपल्या घरात भाकरी थापली.

तर असं ते कार्ड. आता वास्तुशांतीकडे वळू.

त्या दिवशी नव्या घरात दोन कामं व्हायची होती. एक देवाचं, एक व्यवहाराचं. देवाचं काम गुरुजी बघणार होते. व्यवहाराचं काम प्रेमलाच्या एका शब्दावर अडलं होतं. कोपरखैरणेच्या घरावर तिने पोळ्यांच्या कमाईतून एक खोली चढवली होती. पुढे हौसेरावांनी खालचं-वरचं सगळं तिच्याच नावावर करून दिलं. आता यशराजचं म्हणणं होतं की ते विकावं, टॉवरच्या हप्त्यांचं ओझं उतरवावं आणि आईबाबांनी कायमचं इथे येऊन राहावं. ईश्वरीचे वडील चंद्रशेखरराव, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी घेणारा माणूसही बघून ठेवला होता. कोपरखैरणेच्या घराला ते 'ॲसेट' म्हणत. हौसेरावांची बहीण संध्या मात्र महिनाभर भावजयीच्या कानाशी लागली होती. विकू नको वैनी, आमच्या पोराला राहायला दे, घरातली वस्तू घरात राहील. हौसेराव दोघांचंही ऐकून घेत आणि म्हणत, घर तिच्या नावावर हाय, तिला इचारा.

आणि प्रेमलाने मनाशी ठरवून टाकलं होतं. होय म्हणायचं. लेकराने एवढं केलं, महाप्याच्या कंपनीत रात्रीचा दिवस करून एकोणिसाव्या मजल्यावर घर घेतलं, बापाला पोत्याखालून काढलं. दोन घरं कवटाळून काय करायचंय? आज प्रसाद झाला की सगळ्यांच्या देखत सांगून टाकू, असं तिने यशराजला कालच कानात सांगितलं होतं. पोराचा चेहरा असा खुलला होता की तिला उगीचच त्याचा दहावीचा निकाल आठवला.

सकाळी यशराजने आईबाबांना गाडीतून आणलं आणि आपल्या निळ्या फितीच्या कार्डावर पुढच्या लिफ्टने वर नेलं. आईच्या गळ्यातल्या कार्डाकडे त्याची नजर गेली. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात गुरुजींचा फोन आला आणि ते राहून गेलं.

वर पूजा मांडली गेली. होम अगदी बेताचा ठेवायचा होता, कारण धूर जास्त झाला तर छतातल्या आगीच्या फवाऱ्यांतून पाणी सुटतं म्हणे. गुरुजी सरावलेले होते, त्यांनी कुंडच पुरणयंत्राएवढं आणलं होतं. यशराज आणि ईश्वरी पाटावर बसली. मग आल्या-गेल्याचं बघायला प्रेमलाच मोकळी होती. खालून फोन आला की पाहुणे आलेत, तशी ती पदर सावरून निघाली. ईश्वरी पाटावरून म्हणाली, आई, थांबा, कुणालातरी पाठवते. प्रेमला म्हणाली, "बस तू. माझ्या घरचं पाव्हणं, मीच आणनार."

खाली लॉबीत कुणी बसत नाही असे सोफे होते आणि भिंतीवरून पाणी वाहत होतं. त्या पाण्यापुढे पोपट मुकादम उभा होता. हौसेरावांच्या टोळीचा म्होरक्या. पांढरंफेक धोतर, टोपी, खांद्यावर गुळाची अख्खी ढेप. मागे टोळीतले दोन गडी, तेही इस्त्रीच्या कपड्यांत. त्यांच्यापासून चार हात अंतरावर चंद्रशेखरराव मिठाईचा बॉक्स घेऊन उभे होते. गाडी लावायला त्यांना वेळ लागला होता. आणि सोफ्याजवळ रेशमी साडीत, देवळातून परस्पर आलेल्या वैशालीताई.

ह्या वैशालीताई म्हणजे प्रेमलाच्या वाशीच्या जुन्या बाई. त्यांच्याकडे प्रेमलाने वर्षानुवर्षं पोळ्या केल्या. त्यांची बिल्डिंग आता पाडून नव्याने बांधायला घेतली होती, आणि ती उभी राहीपर्यंत नवरा-बायको ह्याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने राहायला आले होते. यशराजला हे कळलं तेव्हा तो जरा बिचकला होता. आई, त्यांना बोलवायलाच हवं का, असं दोनदा विचारून झालं होतं. प्रेमलाला त्यात बिचकण्यासारखं काही दिसलं नाही. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांना आपल्या घरचं गोड खाऊ घालायचं नाही, तर कुणाला?

"चला सगळी," प्रेमला म्हणाली. "माझ्याकडं कार्ड हाय."

तिने गळ्यातलं कार्ड ऐटीत उचललं आणि पुढच्या लिफ्टच्या काळ्या चौकोनावर टेकवलं. लाल दिवा लागला. भिंतीतून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. प्रेमलाने कार्ड पदराने पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा टेकवलं तेव्हा त्या भिंतीतल्या बाईचा आवाज जरा चढल्यासारखा वाटला.

आज पुढच्या दाराला मारोतीची ड्यूटी होती. तो लगबगीने आला. "मावशी, तुमचं पिवळं कार्ड हाय. तुमाला मागच्या लिफ्टनं जावं लागतंय. आन् ती ढेपबी तिकडूनच. सामान हिकडून न्यायचं न्हाय."

"का बरं?"

"ही फक्त घरवाल्यांसाठी. पिवळं म्हंजे कामवाल्यांचं." तो बिचारा नियम सांगत होता, त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता.

चंद्रशेखररावांनी मध्ये तोंड घातलं. अहो, काय बोलताय, ह्या एकोणीसशे चारच्या मालकीण आहेत. मारोती गोंधळला. त्याने हातातल्या फोनवर बोट फिरवून बघितलं. प्रेमला, एकोणीसशे चार, स्वयंपाक. सिस्टिमला तर असंच होतं. त्याने तो फोन सगळ्यांपुढे धरला.

वैशालीताईंना सगळं क्षणात कळलं. त्या वाहत्या पाण्याकडे बघू लागल्या. प्रेमलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, हो, वाटलीच. मिरवून मिरवून कसला दागिना मिरवला म्हणायचा. आळीतली एकेक बाई तिला आठवली. पण लाजेच्या मागून हसूही आलं, कारण चूक तिचीच होती, आणि आपल्या चुकीवर हसता येणं ही प्रेमलाची जुनी कमाई होती.

"त्याला बोलू नका इवाई," ती म्हणाली. "मीच सांगितलं तसं. सैपाकाला आले म्हनून."

मारोतीला हायसं वाटलं. पण माणूस सरळ होता, आपली बाजू पुरती स्पष्ट करायची त्याला गरज वाटली. तो म्हणाला, "आमी कुनालाबी असंच कार्ड देत न्हाय, मावशी. आधी मालकाच्या फोनवर फोटो जातो, नाव जातं, काम जातं. त्यांनी ओके केलं की मगच. तुमचं ओके तर लगेच आलं होतं."

हे मात्र प्रेमलाला ठाऊक नव्हतं. तिचं हसू ओठांवरच थांबलं. मालकाच्या फोनवर म्हणजे यशराजच्या. फोटो तिचा. नाव तिचं. तिने मनातल्या मनात पोराची बाजू घेतली: कामात असेल, न बघताच बोट दाबलं असेल, हल्लीची पोरं फोनकडे कुठे बघतात, नुसतं बोट फिरवतात. पण ही बाजू तिने घेतली खरी, आणि घेता घेताच ती तिला जड वाटू लागली.

वैशालीताई पुढे झाल्या. त्यांच्या पर्समध्ये निळ्या फितीचं कार्ड होतं. त्या म्हणाल्या, प्रेमलाबाई, त्यात काय एवढं, माझ्या कार्डावर जाऊ सगळे. मनापासून म्हणाल्या. पण प्रेमलाने मान हलवली.

"तुमच्याकडं कवाबी यीन ताई. पर माझ्याच घरात मी तुमच्या कार्डावर न्हाय जायची."

मग ती वळली आणि बोळाकडे चालू लागली. पोपट मुकादमाने ढेप ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. म्हणाला, चला वैनी, आपल्याला पुढच्या दाराची सवय कधी होती? टोळीतले गडी निघाले. चंद्रशेखरराव मिठाईचा बॉक्स सांभाळत निघाले, कारण एकट्याने लॉबीत उभं राहणं आता फारच वाईट दिसलं असतं. आणि वैशालीताईंनी निळं कार्ड पर्समध्ये ठेवलं, साडीच्या निऱ्या हातात धरल्या आणि त्याही मागून आल्या.

मागच्या लिफ्टला आतून पत्र्याला फळ्या मारलेल्या होत्या. कोपऱ्यात कचऱ्याचे दोन मोठे ड्रम, एक गुंडाळलेली गादी, आणि गादी धरून उभी असलेली एक पोर. ढेपेचा गोड वास आणि ड्रमचा वास एकत्र होऊन लिफ्टभर पसरला. वैशालीताई प्रेमलाला खेटून उभ्या होत्या. चार-पाच मजले गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या की वाशीच्या बिल्डिंगमध्येही असा नियम होता, आपले यजमान अरविंद सेक्रेटरी असताना त्यांनीच केला होता, आणि आपण स्वतः त्या लिफ्टमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

"मला ठावं हाय," प्रेमला म्हणाली. "मीच जायची की त्यातनं तुमच्याकडं."

लिफ्ट आणखी दोन मजले चढली. मग वैशालीताईंनी विषय बदलायचा म्हणून दुसराच धोंडा पायावर पाडून घेतला. आता आपण एकाच बिल्डिंगमध्ये आलो, तेव्हा एखाद वेळी, म्हणजे तुम्हाला जमलं तर, अरविंदना अजून तुमच्याच हातच्या पोळ्या... वाक्य तिथेच लोंबकळलं.

"त्यांना घिऊन जेवायला येत जा," प्रेमलाने ते वाक्य पुरं करून टाकलं. "एकोणीसशे चार."

वर पोचले तेव्हा पूर्णाहुती झाली होती आणि गुरुजी घाम पुसत होते. पाहुणी मंडळी हॉलमध्ये टेकली. खिडकीतून ऐरोलीचा पूल आणि खाडी दिसत होती आणि संध्या नणंदबाई प्रत्येकाला ती दाखवत होत्या, जणू खाडी त्यांनीच आणली होती. प्रेमलाने पोपटच्या खांद्यावरची ढेप उतरवून घेतली, तिला कुंकू लावलं, फोडली आणि पहिला खडा देवापुढे ठेवला. हात कामात होते, पण डोकं त्या टुण्ण वाजलेल्या फोनपाशी अडकलं होतं.

प्रसाद वाटून झाला. यशराज सोवळं बदलून कुर्ता घालून आला, खुशीत होता. चंद्रशेखररावांनी घसा साफ केला. विहीणबाई, मुहूर्त चांगला आहे, तुमच्या तोंडून शब्द आला की मी त्या माणसाला कळवतो. संध्याचा जीव टांगणीला लागला. हौसेराव भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी फक्त डोळे उघडले.

प्रेमलाने गळ्यातलं कार्ड काढून तळहातावर ठेवलं.

"आधी मला एक सांग यशा. हे कार्ड देताना तुझ्या फोनवर माझा फोटो आला व्हता?"

यशराजचा चेहरा बदलला. खोटं बोलायची संधी होती, आणि आईने मघाशी मनात त्याच्यासाठी खोटं तयारही ठेवलं होतं: कामात होतो, बघितलंच नाही. पण पोरगा हौसेरावांचा होता.

"आला होता."

"बघितलास?"

"बघितला, आई." मग तो भराभर बोलू लागला. फॅमिली कार्डाला कागद लागतात, फॉर्म भरावा लागतो, कमिटीची सही, तीन आठवडे जातात. कामवाल्यांचं जागच्या जागी मिळतं. तो मीटिंगमध्ये होता. आई गेटवर उन्हात उभी. त्याला वाटलं, आत्ता ओके करून टाकू, आईचं येणंजाणं तरी सुरू होईल, नंतर बदलून घेऊ. "मला काही तसं वाटलं नाही गं. सोपं होतं म्हणून केलं. तू उगाच टेन्शन घेतेस."

त्याने ते वाईट मनाने केलं नव्हतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. प्रेमलालाही समजलं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. वाईट मनाने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण त्याला ते सोपं वाटलं. आपल्या आईला स्वयंपाकीण म्हणून लिहून देणं ही त्याला फक्त तीन आठवड्यांची बचत वाटली.

पहिली बोलली ती ईश्वरी. आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली ही पोर त्याच्याकडे वळून म्हणाली, "माझ्या आईचं आलं असतं तर केलं असतंस ओके?" चंद्रशेखरराव घाईने म्हणाले की अगं, क्षुल्लक गोष्ट आहे, उद्या बदलून घेऊ. ईश्वरीने वडिलांनाही थांबवलं. बाबा, तुमचं कार्ड मागच्याच महिन्यात फॉर्म भरून, कमिटीची सही घेऊन करून ठेवलंय ह्यानं, आज तुम्हाला द्यायला. पाहुणे असूनसुद्धा. चंद्रशेखररावांनी मिठाईच्या बॉक्सकडे बघितलं.

हौसेराव भिंतीशी सरळ होऊन बसले. "बिल्ल्यावर कामाचं नाव काय लिवलंय ते आधी वाचून घ्यायचं असतंय," ते म्हणाले. "आमच्या टोळीत पैल्या दिवशी हेच शिकवलं. तुला शिकवायचं ऱ्हायलं."

यशराजचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "चुकलं आई. मनापासून चुकलं."

"चुकलं ना? मग बास." प्रेमलाचा आवाज शांत होता. "तुझ्यावर राग न्हाय माझा. पर कोपरखैरणेचं घर मी इकत न्हाय. ह्या घरात यायला मला तुझं ओके लागलं. त्या घरात न्हाय लागत."

संध्याने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाली, वैनी, मी तरी काय म्हणत होते! प्रेमलाने लगेच तिच्याकडे मान वळवली. "तुमच्या पोराला बी न्हाय देत, वन्सं. ते माझं घर हाय, धर्मशाळा न्हवं. मी हिकडं बी राहनार आन् तिकडं बी. मन लागंल तिकडं." संध्याचा श्वास अर्ध्यातच राहिला. पोपट मुकादमाने तोंडात गुळाचा खडा टाकला आणि छताकडे बघत बसला, कारण हसू आवरायला त्याला दुसरी जागा नव्हती. हप्त्यांचं काय ते नंतर बसून बघू, असं प्रेमलाने चंद्रशेखररावांना सांगितलं. इतकी वर्षं निभावलं तसं तेही निभेल. त्यांनी 'ॲसेट' हा शब्द त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

"आणि कार्डाचं?" यशराज म्हणाला. "मी उद्याच फॉर्म भरतो. पण तीन आठवडे तू काय करणार?"

प्रेमलाने हात पुढे केला. "तुझं दे."

"माझं?"

"व्हय. निळं. आन् हे तू घाल." तिने पिवळी फीत उलगडली आणि लेकाच्या गळ्यात घातली, लहानपणी शाळेचा टाय घालायची तशी, गाठ नीट मधोमध आणून. कुर्त्यावर ते कार्ड लोंबकळलं आणि त्यावरून प्रेमलाचा फोटो खोलीकडे बघत राहिला. "तीनच आठवडे तर हायत."

कुणीतरी फिसकन हसलं. त्या वैशालीताई होत्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग ईश्वरी हसली. मग यशराजलाही हसू फुटलं, पण त्याने कार्ड गळ्यातून काढलं नाही. निळ्या फितीचं कार्ड आईच्या हातात ठेवलं.

पंगती बसल्या. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात. वैशालीताईंनी पदर खोचून वाढायला घेतलं आणि पहिल्यांदाच 'प्रेमलाताई' अशी हाक मारून तूप कुठे आहे ते विचारलं. पत्रावळींच्या दोन पिशव्या भरल्या तेव्हा यशराजने त्या उचलल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पिशव्या पुढच्या लिफ्टने न्यायच्या नसतात आणि त्याच्या गळ्यातल्या कार्डाला पुढची लिफ्ट उघडतही नव्हती, तेव्हा तो मागच्या लिफ्टने गेला.

इतक्यात दुसऱ्या पंगतीचे पाहुणे खाली आल्याचा फोन आला. प्रेमला उतरली. लॉबीत मारोती उभा होता. तिने निळं कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. मारोतीने आदराने लिफ्टकडे हात केला. ती म्हणाली, पाव्हणी जेवली की तूबी वर जेवायला ये, पुरणपोळी हाय. आळीतल्या चार बायका तिच्या मागे लिफ्टमध्ये शिरल्या आणि आरशात स्वतःला बघून पदर सारखे करू लागल्या.

वर आली तेव्हा यशराज परत आला होता. हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, पिवळी फीत गळ्यात तशीच. प्रेमला तव्यावरची पोळी उलटत होती. त्याने फितीची गाठ सारखी केली. मग म्हणाला, "लिफ्टमध्ये एका बाईनं विचारलं, नवीन दिसतोयस, कुणाकडे कामाला?"

प्रेमलाने मागे वळून बघितलं नाही. "मग? काय सांगितलंस?"

"आईकडे म्हणालो."

तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. प्रेमलाने ती उतरवली, वर तुपाची धार धरली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"बस मग," ती म्हणाली. "जेवून घे."